जोडप्याचे घर, एकटीचे घर आणि सरकारचे दीड हजार

तालुक्याच्या गावी शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घरांची कल्पना करू. पहिल्या घरात नवरा गवंडीकाम करतो, बायको घरी बसून ब्लाऊज शिवते आणि त्यांना दोन मुले आहेत. दुसऱ्या घरातही दोनच मुले आहेत, पण नवरा चार वर्षांपूर्वी वारला आहे आणि आई मिळेल तेव्हा शेतमजुरीला जाते. पहिलीच्या बँक खात्यात राज्य सरकारकडून दरमहा १,५०० रुपये येतात, कारण ती ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची लाभार्थी आहे. दुसरीच्या खात्यातही दरमहा १,५०० रुपयेच येतात, कारण ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेची लाभार्थी आहे. पहिली योजना महिला व बाल विकास विभागाची, दुसरी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची. अर्ज वेगळे, कागद वेगळे, रक्कम मात्र तंतोतंत सारखी.

यावर एक जण म्हणेल की दोघींना सारखेच मिळते आहे, मग तक्रार कसली? दुसरा म्हणेल की जिच्या घरात कमावता हात एकच उरला आहे, तिला आणि दोन कमावत्यांच्या घराला सारखेच देणे हा कुठला न्याय? हे भांडण मिटत नाही, कारण एक जण पायलीने मोजतो आहे आणि दुसरा किलोने. सरकारी मदत मोजण्याची तीन मापे जगभर वापरात आहेत: माणूस, कुटुंब आणि मूल. कोणते माप कुठे लावले आहे हे एकदा कळले की, जोडप्यांवर अन्याय होतो की एकट्या पालकांवर, या वादातला बराचसा धुरळा खाली बसतो. काही प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहतात आणि ते खरोखर अवघड आहेत.

दोनशे रुपये कुठे गेले

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रिया, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ मुले अशा अनेकांना तिच्यातून मासिक अर्थसाहाय्य मिळते. २०१९ च्या सुधारणेनंतर तिचे दर असे होते: सर्वसाधारण लाभार्थ्याला दरमहा १,००० रुपये, एक अपत्य असलेल्या विधवेला १,१०० आणि दोन अपत्ये असलेल्या विधवेला १,२००. एका मुलामागे शंभर रुपये म्हणजे पावशेर शेंगदाणे आणि दोन वह्या, त्याहून फारसे काही नाही. तरीही त्या शंभर रुपयांत एक तत्त्व होते. एकटीच्या घरात मूल असेल तर सरकार त्याची वेगळी नोंद घेते, हे ते तत्त्व.

२०२३ साली अनुदान वाढवून सर्वांसाठी सरसकट १,५०० रुपये करण्यात आले. वाढीचे सर्वांनी स्वागत केले आणि ते रास्तच होते. पण वजाबाकी करून पाहिली तर दिसते की मूल नसलेल्या लाभार्थ्याला ५०० रुपयांची वाढ मिळाली, एका मुलाच्या आईला ४०० ची आणि दोन मुलांच्या आईला ३०० ची. सर्वांचीच रक्कम वाढलेली असल्याने मुलांमागचा तो जादा हिस्सा गेला आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असले तरी बोलण्यासारखे वाटले नाही.

त्यानंतर एका वर्षाने, जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, २१ ते ६५ वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांना, तसेच कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीला, दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले. सोबत एक अटही होती. सरकारच्या दुसऱ्या एखाद्या योजनेतून जिला दरमहा १,५०० किंवा त्याहून अधिक मिळतात, ती या योजनेस अपात्र. अट वरवर पाहता सरळ आहे, एकाच माणसाला दोनदा पैसे जाऊ नयेत. तिचा परिणाम मात्र असा झाला की निराधार योजनेत असलेली विधवा लाडकी बहीण योजनेतून आपोआप बाहेर पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने जी नावे वगळल्याचे सांगितले, त्यांत निराधार योजनेच्या सुमारे २ लाख ३० हजार लाभार्थी स्त्रिया होत्या.

आता या तीन पावलांकडे एकत्र पाहा. २०२३ पर्यंत दोन मुलांच्या विधवेला राज्य दरमहा १,२०० रुपये देत होते आणि तिच्या सवाष्ण शेजारणीला या नावाने काहीच देत नव्हते, म्हणजे दोघींमधला फरक १,२०० चा होता. आज तो फरक शून्य आहे. हे कोणी ठरवून केले असे मला वाटत नाही. दोन विभागांनी आपापल्या जागी आपापले निर्णय घेतले आणि त्यांची बेरीज अशी निघाली. पुढचा धोकाही याच बेरजेत दडलेला आहे. लाडकी बहीण योजनेची रक्कम २,१०० करण्याचे आश्वासन २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दिले गेले होते. ते पाळताना निराधार योजनेचा दर आहे तिथेच राहिला, तर नवरा असलेल्या स्त्रीला निराधार स्त्रीपेक्षा ६०० रुपये जास्त मिळतील. मग विधवेला निराधार योजनेतले नाव काढून घेऊन दुसऱ्या योजनेकडे वळणे फायद्याचे ठरेल. तसे वळायचे असेल, तर त्यासाठी लागणारे कागद जमवणे हेही पुन्हा तिच्याच डोक्यावर.

एका चुलीवर किती माणसे

जोडप्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद दुबळा नाही, तो नीट मांडायला हवा. पहिल्या घरात खाणारी तोंडे चार आहेत, दुसऱ्या घरात तीन. चौघांत वाटलेले १,५०० आणि तिघांत वाटलेले १,५०० यांत तिघांच्या वाट्याला जास्त येते, हे उघड आहे. पण घरखर्च केवळ डोक्यांच्या हिशेबाने चालत नाही. माणूस वाढला म्हणून घरभाडे दुप्पट होत नाही, गॅसची शेगडी एकच पुरते आणि एका दिव्याखाली चौघे बसू शकतात.

यासाठी अर्थशास्त्रज्ञ एक मोजपट्टी वापरतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने रूढ केलेल्या मोजपट्टीत पहिल्या प्रौढाला १, दुसऱ्या प्रौढाला ०.५ आणि १४ वर्षांखालील प्रत्येक मुलाला ०.३ इतके वजन दिले जाते. त्यानुसार जोडप्याच्या घराचे वजन २.१ भरते आणि एकटीच्या घराचे १.६. म्हणजे जोडप्याला जे राहणीमान १०० रुपयांत मिळते, तेच एकटीला मिळायला सुमारे ७६ रुपये लागतात. घरातली प्रौढ माणसे निम्मी झाली आहेत. तरी खर्च एक चतुर्थांशानेच उतरतो, हे यातले लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उत्पन्नाचे मात्र तसे नाही. समजा, गवंड्याला दिवसाचे ६०० रुपये मिळतात आणि महिन्याला वीस दिवस काम मिळते, म्हणजे १२,०००. बायकोच्या शिलाईचे ३,००० धरले तर घरात १५,००० येतात. शेजारीण ३०० रुपये रोजाने वीस दिवस जाते आणि ६,००० आणते. दोन्ही घरांत सरकारचे १,५०० मिळवले आणि आपापल्या वजनाने भागले, तर पहिल्या घराचा आकडा ७,८५७ येतो आणि दुसऱ्याचा सुमारे ४,६८८. सारख्या मदतीनंतरही अंतर असे राहते. दुसऱ्या घराला पहिल्याच्या बरोबरीने आणायचे, तर १,५०० च्या जागी साधारण ६,५७० रुपये द्यावे लागतील. हा आकडा ध्यानात ठेवावा, त्याचे पुढे काम पडणार आहे. मजुरीचे दर मी अंदाजाने धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून वाचकांनी हे गणित पुन्हा करून पाहायला हरकत नाही.

या मोजपट्टीत एक गोष्ट मात्र बसत नाही, ती म्हणजे वेळ. मुलाला ताप आला की जोडप्याच्या घरी एक जण थांबतो आणि दुसरा कामावर जातो. एकटीच्या घरी कामच बुडते. शाळेतली पालकसभा, रेशन दुकानात अंगठा देणे, दाखल्यासाठी तहसील कचेरीत जाणे, यांतल्या प्रत्येक खेपेची किंमत तिला रोजाच्या रूपात मोजावी लागते. तिचे उत्पन्न कमी असण्याचे कारण बायकांना मजुरी कमी मिळते हे जसे आहे, तसेच तिचे दिवस भरत नाहीत हेही आहे. जिथे आजी किंवा मावशी घरात आहे तिथे हा भार हलका होतो. आपल्याकडे बहुतेक एकट्या आयांचा संसार सरकारच्या अनुदानापेक्षा अशा माहेरच्या माणसांवरच उभा असतो.

आणि मग येतो उत्पन्नाचा दाखला. निराधार योजनेसाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव तरी असावे लागते, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, तिघांच्या घरात माणशी दिवसाला १९ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने एखादी बाई वर्षात ६८ दिवस कामावर गेली, तर ती ही मर्यादा ओलांडते. शासनाच्याच कामावर, शासनाच्याच दराने सव्वादोन महिने राबलेली विधवा शासनाच्या लेखी निराधार राहत नाही! लाडकी बहीण योजनेची मर्यादा मात्र अडीच लाखांची, जवळजवळ बारापट, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर त्या योजनेत उत्पन्नाचा वेगळा दाखलाही मागितला जात नाही. एकवीस हजारांचा दाखला प्रत्यक्षात कसा मिळतो हे तालुक्याच्या कचेरीभोवती वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जो नियम खरे बोलून पाळताच येत नाही, तो गरिबाला आयुष्यभर कोणाच्या तरी मेहेरबानीवर ठेवतो.

जादा मदत आणि जोडीवरचा दंड

एकट्या पालकाला जास्त द्यावे असे ठरवले की लगेच एक पेच उभा राहतो. जी मदत एकटे असल्यामुळे मिळते, ती जोडीदार आला की थांबते. म्हणजे एकट्याला दिलेला प्रत्येक जादा रुपया हा जोडी जमवणाऱ्याला बसलेला एक रुपयाचा दंड असतो. ही धोरणकर्त्यांची चूक नव्हे, हे अंकगणित आहे.

ब्रिटनमध्ये हा वाद अनेक दशके चालू आहे, म्हणून तिथले आकडे उपयोगी पडतात. तिथे कमी उत्पन्नाच्या घरांना ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाची एकत्रित मदत मिळते. २०२५-२६ च्या दरांनुसार २५ वर्षांवरील एकट्या माणसाची मूळ मासिक रक्कम ४००.१४ पौंड आणि जोडप्याची मिळून ६२८.१० पौंड होती. दोन एकटी माणसे वेगवेगळी राहिली तर दोघांना मिळून ८००.२८ पौंड मिळतात. तीच एका छताखाली आली की महिन्याला १७२ पौंड कमी होतात. सरकारचे म्हणणे असे की एकत्र राहिल्याने खर्च वाचतो, तेव्हा मदत घटणे योग्यच आहे, आणि वरच्या मोजपट्टीनुसार ते चुकीचेही नाही. पण इतर नियम त्या मोजपट्टीने चालत नाहीत. बचत १६,००० पौंडांच्या वर गेली की मदत बंद होते, आणि ही मर्यादा एकट्याला जेवढी आहे तेवढीच दोघांना मिळून आहे. एकूण मदतीची जी वरची मर्यादा घातलेली आहे, तीही मुले असलेल्या जोडप्याला आणि एकट्या पालकाला एकच आहे. मूळ रकमेत दुसऱ्या माणसाचा हिशेब धरला जातो, मर्यादांत तो धरला जात नाही, आणि दोन्हींमागे एकच एक तत्त्व काही सापडत नाही.

यातला खरा त्रासदायक भाग पैशांहून वेगळा आहे. मदत एकटेपणावर अवलंबून असेल, तर कोण एकटे आहे हे सरकारला तपासावे लागते. ब्रिटनमध्ये दोघे लग्न न करताही ‘विवाहित जोडप्याप्रमाणे’ राहतात का, हे पाहताना एकच घर आहे का, खर्च वाटून घेतात का, नाते किती टिकाऊ आहे, लोकांसमोर जोडपे म्हणून वावरतात का, अशा गोष्टी विचारात घेतल्या जातात. एखाद्या बाईच्या घरी कोण किती रात्री मुक्कामाला असते, हा त्यामुळे सरकारी चौकशीचा विषय होऊन बसतो.

आपल्याकडे याची दुसरी बाजू दिसते. तिथे सरकार बाईच्या आयुष्यात पुरुष आहे का हे शोधत असते. इथे तो आहेच असे गृहीत धरलेले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पती वारलेला, वडीलही वारलेले, अशा बाईने त्या रकान्यात काय भरायचे? नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईने, ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी कुठून आणायचा? ओरड झाल्यावर सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा स्त्रियांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, अशी सोय केली. सोय झाली हे चांगलेच, पण परित्यक्तेची अडचण तिने पुरती सुटत नाही. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेजवळ न्यायालयाचा हुकूमनामा असतो. टाकून दिल्याचा दाखला कोणताही नवरा जाताना देऊन जात नाही.

पुनर्विवाहाचे गणितही इथेच पाहून घेऊ. निराधार योजनेतल्या विधवेने पुन्हा लग्न केले की तिचे अनुदान थांबते. २०२३ पर्यंत दोन मुलांच्या आईसाठी हा दंड महिन्याला १,२०० रुपयांचा होता. आता निकषांपुरते पाहिले तर ती लाडकी बहीण योजनेत बसू शकते, म्हणजे निदान कागदावर दंड उरलेला नाही. पण तो का उरला नाही? एकटेपणाबद्दल मिळणारा जादा आधारच उरला नाही म्हणून.

ब्रिटनमध्ये असाच जादा आधार काढून घेतला गेला, पण गुपचूप नव्हे. तिथे ‘वन पेरेंट बेनिफिट’ म्हणून एकट्या पालकांना वेगळा भत्ता होता. डिसेंबर १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तो नव्या अर्जदारांसाठी बंद करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्याच पक्षाच्या ४७ खासदारांनी विरोधात मत दिले. प्रस्ताव तरीही मंजूर झाला. पण निदान कोण काय गमावते आहे यावर सभागृहात उघड चर्चा झाली.

पगारदारांच्या घरातला तोच प्रश्न

हा विषय फक्त गरिबांच्या योजनांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. भारतात आयकर माणसागणिक आकारला जातो, कुटुंबागणिक नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. नवरा आणि बायको दोघांचे करपात्र उत्पन्न प्रत्येकी १२ लाख असेल, तर घरात २४ लाख येतात आणि कर शून्य. एकट्या आईचे करपात्र उत्पन्न २४ लाख असेल, तर तिचा कर ३ लाख आणि वर चार टक्के उपकर, म्हणजे ३ लाख १२ हजार. २४ लाख मिळवणारीबद्दल कळवळा यावा असे माझे म्हणणे नाही. घरात येणारा पैसा सारखा असूनही, तो किती जणांच्या नावाने आला यावर हिशेब कसा फिरतो हे दाखवायला एवढे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. एकटा कमावता आणि घर सांभाळणारी बायको असलेले जोडपेही याच बाजूला सापडते, म्हणून हा वाद जोडपे विरुद्ध एकटे एवढ्यावर भागत नाही.

ब्रिटनमध्ये ‘चाइल्ड बेनिफिट’ या बालभत्त्याबाबत नेमके हेच घडते. २०२४ पासूनच्या नियमानुसार घरातल्या कोणा एकाचे उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर गेले की भत्ता करातून परत घेणे सुरू होते आणि ८०,००० ला तो पूर्ण जातो. दोघेही प्रत्येकी ६०,००० मिळवत असतील, तर १ लाख २० हजार पौंडांच्या घराला पूर्ण भत्ता मिळतो. ८०,००० मिळवणाऱ्या एकट्या आईला काहीच राहत नाही. घराचे एकूण उत्पन्न धरण्याची घोषणा मार्च २०२४ मध्ये झाली होती, पण त्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारने खर्चाचे कारण देऊन ती बाजूला ठेवली. त्यामागे आणखी एक अडचण आहे. तिथली करव्यवस्था १९९० पासून नवरा-बायकोला वेगळे मानते, त्यामुळे घराचे उत्पन्न किती हे कर खात्याला सहजासहजी कळतच नाही. बायकोचे उत्पन्न नवऱ्याच्या विवरणपत्रात जाऊ नये यासाठी स्त्रियांनी झगडा दिला होता. आता माप पुन्हा कुटुंबाकडे न्यावे, तर त्या झगड्याचे काय करायचे?

थोडक्यात, कर घेताना सरकार माणूस मोजते आणि मदत देताना कुटुंब मोजते. आपल्याकडेही नॉन-क्रीमी लेयर, आर्थिक दुर्बल घटक, लाडकी बहीण, सगळीकडे उत्पन्न कुटुंबाचे विचारले जाते.

माप मुलापासून सुरू केले तर

तिसरे माप मुलाचे. मदत मुलाच्या नावाने दिली, तर आई सवाष्ण आहे की विधवा, तिने पुन्हा लग्न केले की नाही, या चौकशा पुष्कळ कमी होतात. माझा कल या मापाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

महाराष्ट्रात अशी योजना आहे, पण तिची चर्चा फार होत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ च्या आधी ही रक्कम १,१०० होती. अनाथ मुलांखेरीज मृत्यू, घटस्फोट, परित्याग, अविवाहित मातृत्व किंवा पालकाचा गंभीर आजार यांमुळे एकाच पालकाच्या आधाराने वाढणारी मुले तिच्यात येतात. मदत मुलाच्या नावाने असल्यामुळे बायको गेलेल्या बापालाही मुलांसाठी ती मागता येते. हा बाप एरवी आपल्या योजनांच्या नकाशावर जवळजवळ नाहीच. तो लाडकी बहीण होऊ शकत नाही, विधवा निवृत्तिवेतन त्याला नाही, आणि धडधाकट असेल तर निराधारही ठरत नाही. एकट्या पालकांत बायकांची संख्या फार मोठी आहे हे खरे, पण चूल आणि पाळणा त्यालाही एकट्यानेच सांभाळायचा असतो.

गोव्याने अलीकडे दोन मापांची सांगड घातली आहे. तिथे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून विधवेला २,५०० रुपये मिळतात आणि गृहआधार योजनेचे १,५०० वेगळे असतात. धाकटे मूल २१ वर्षांच्या आत असेल, तर विधवेला दोन्ही मिळून ४,००० रुपये घेता येतात. ते मूल २१ चे झाले की गृहआधार थांबतो आणि २,५०० चालू राहतात. महाराष्ट्रात जी अट एका योजनेने दुसरीला कापते, तिथे गोव्याने बेरीज केली आहे, आणि बेरीज किती काळ चालायची हे मुलाच्या वयावर बांधले आहे. दोन राज्यांच्या सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या अलीकडची आणि पलीकडची विधवा यांच्या अनुदानात त्यामुळे महिन्याला अडीच हजारांचा फरक पडतो.

जिथे बाप जिवंत आहे तिथे आणखी एक रास्त आक्षेप घेतला जातो. त्याची जबाबदारी करदात्यांनी का उचलावी? आपल्या कायद्यात पोटगी आहे; पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मागितली जाई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. आदेश मिळणे एक आणि पैसे हातात पडणे दुसरे, हे कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको. जर्मनीत यावर एक व्यवहारी तोड आहे. बापाने मुलाचा खर्च दिला नाही, तर सरकार ठरावीक रक्कम एकट्या पालकाला आगाऊ देते आणि मग ती बापाकडून वसूल करायला स्वतः मागे लागते. मुलाचे पोट वसुलीसाठी थांबत नाही आणि बापही सुटत नाही. सगळी वसुली होत नाही हे उघड आहे, पण निदान खेटे घालण्याचे काम बाईकडून सरकारकडे जाते.

आता सुरुवातीच्या दोन घरांकडे परत येऊ. दुसऱ्या घराला पहिल्याच्या बरोबरीने आणायला साधारण ६,५७० रुपये लागत होते. तिला निराधार योजनेचे १,५०० मिळतात. दोन्ही मुलांना बालसंगोपनाचे प्रत्येकी २,२५० मंजूर झाले, तर ४,५०० आणखी, म्हणजे एकूण ६,०००. दोन घरांमधले अंतर जवळजवळ मिटते, जेमतेम पावणेसहाशे रुपये कमी पडतात. त्यासाठी नवी योजना काढावी लागत नाही, जुनी तिच्यापर्यंत पोहोचावी लागते. निराधारचा अर्ज तहसील कचेरीत, लाडकी बहिणीचा अंगणवाडीत, पण बालसंगोपनाचा कारभार जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चालतो आणि मंजुरीला बालकल्याण समितीचा आदेश लागतो. म्हणजे तिला दोन्ही मुलांना घेऊन एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचे आहे, समिती ज्या दिवशी बसते त्या दिवशी, मुलांची शाळा आणि स्वतःचा रोज बुडवून. शेजारणीला दीड हजारांसाठी गल्लीच्या टोकापर्यंत जावे लागले होते.